मोराचं लेबल आणि सिसिरेटाबाई

१९२७ साली शिकागोत एक रेकॉर्ड कंपनी निघाली. जांभळं-सोनेरी लेबल, त्यावर मोर, आणि नाव 'ब्लॅक पॅटी'. वर्षभरसुद्धा चालली नाही. पन्नासेक तबकड्या काढल्या आणि गाशा गुंडाळला. जुन्या रेकॉर्डी गोळा करणारी मंडळी मात्र आजही त्या मोरामागे वेडी आहेत, कारण त्यातल्या काहींची जगात एखाददुसरीच प्रत उरलीय.

गंमत म्हणजे ज्या गायिकेच्या टोपणनावावरून कंपनीचं बारसं झालं, ती तेव्हा हयात होती. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात, आपल्या घरी. त्या पन्नासेक तबकड्यांत तिची एकही नाही. या कंपनीचं सोडा, कुठल्याच कंपनीची नाही. तिचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही.

तिचं नाव सिसिरेटा जोन्स. मी मनातल्या मनात सिसिरेटाबाई म्हणतो. आपल्याकडे मोठ्या गाणाऱ्यांना 'बाई' म्हणायची रीत आहे, आणि त्या शब्दात जो आब आहे तोच त्यांना हवा होता. त्यांना स्वतःला 'मॅडम जोन्स' म्हणवून घ्यायला आवडे. लोकांनी ऐकलं नाही.

तर त्या टोपणनावाचं असं. अॅडेलिना पॅटी ही त्या काळातली जगप्रसिद्ध सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी ऑपेरा गायिका. गोरी, इटालियन आईबापांची, राजेरजवाड्यांपुढे गाणारी. १८८८ साली सिसिरेटाबाई न्यूयॉर्कच्या स्टाइनवे हॉलमध्ये गायल्या, आणि तेव्हा जी रंगभूमीची वर्तमानपत्रं निघत, त्यांतल्या एकाने त्यांना 'ब्लॅक पॅटी' करून टाकलं. जाहिरातीला नाव झकास! तिकीटबारीवाले खूश. बाईंना ते खटकायचं. आपण स्वतःला पॅटीच्या बरोबरीची समजतो असं लोकांना वाटेल, ही त्यांची भीती. मला विचाराल तर भीती उलटी असायला हवी होती. एखादीला 'अमक्यांची तमकी' म्हटलं की कौतुकही होतं आणि तिची जागाही ठरून जाते: मूळच्या एक पायरी खाली. आपल्याकडेही 'प्रतिलता' म्हणून मिरवल्या गेलेल्यांपैकी किती जणींची नावं आज आठवतात? (गंधर्वांचं वेगळं. ती पदवी स्वर्गातून उसनी घेतलेली, शेजारच्या थिएटरातून नाही.)

बाईंचा जन्म व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम तीन-चार वर्षं झालेली. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी. १८७६ मध्ये कुटुंब प्रॉव्हिडन्सला आलं आणि तिथे गाण्याचं शिक्षण सुरू झालं. लग्न अगदी कोवळ्या वयात, मुलगी झाली ती तान्हेपणीच गेली, नवरा पुढे दारूपायी हातचा गेला आणि घटस्फोट झाला. हे सगळं एका वाक्यात उरकतोय, कारण बाईंबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथेच रेंगाळतात.

१८९२ हे त्यांचं वर्ष. फेब्रुवारीत व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्यापुढे गाणं. एप्रिलमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जूनमध्ये ज्याला आज कार्नेगी हॉल म्हणतात त्या सभागृहात गाणं, तिथे गाणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार म्हणून. १८९४ च्या जानेवारीत तर खुद्द चेक संगीतकार द्वोर्झाक यांच्या कार्यक्रमात. न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे ते संचालक होते, आणि अमेरिकेने आपलं संगीत काळ्या लोकांच्या गाण्यांत शोधावं असं सांगून त्यांनी बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या होत्या. त्या रात्री बाई इटालियन संगीतकार रोसिनीचं 'इन्फ्लामाटुस' गायल्या. जे लॅटिन, जे चर्चचं, जे अस्सल युरोपीय, ते.

आणि तरीही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं दार उघडलं नाही. ऑपेरात गायची इच्छा बाईंनी बोलूनही दाखवली होती. आडवा आला तो रंग. मेटच्या रंगमंचावर पहिली कृष्णवर्णीय गायिका उभी राहिली ती ७ जानेवारी १९५५ रोजी, मेरियन अँडरसन. तोवर सिसिरेटाबाईंना जाऊन बावीस वर्षं होत आली होती.

आता माझं भांडण. यापुढची गोष्ट सगळीकडे एकाच चालीत सांगतात: ऑपेराच्या लायकीची गायिका, दार बंद झालं, म्हणून बिचारी १८९६ पासून 'ब्लॅक पॅटी ट्रूबदूर्स' नावाच्या फिरत्या हलक्याफुलक्या कंपनीत अडकली. हे 'बिचारी' मला मान्य नाही.

त्या कंपनीचा खेळ साधारण असा. आधी विनोदी प्रवेश, नाच, कसरती, आणि तेव्हाची ती काळ्यांचीच टर उडवणारी गाणी. ती गाणी आज ऐकवत नाहीत, आणि त्यांवर पांघरूण घालण्याचं मला कारण दिसत नाही. मालकही गोरेच, व्होल्केल आणि नोलन, म्हणजे नफा कुठे जायचा ते वेगळं सांगायला नको. पण निदान सुरुवातीची बरीच वर्षं बाई त्या विनोदी प्रवेशांत उतरायच्या नाहीत. त्या यायच्या शेवटी. या शेवटच्या भागाला नाव होतं 'ऑपेरॅटिक कॅलिडोस्कोप'. वेशभूषा, मागे कोरस, आणि गाजलेल्या ऑपेरांमधले प्रवेश. हसून दमलेल्या प्रेक्षकांपुढे रोज रात्री व्हेर्दीसारख्या ऑपेराकाराचं संगीत!

जरा विचार करा. मेटमध्ये बसणारा प्रेक्षक ठरलेला, त्याने तो ऑपेरा आधीच दहा वेळा ऐकलेला. इकडे ही कंपनी गावोगाव फिरत होती. जिथे ऑपेरा कंपनी कधी फिरकली नसती अशा गावांतसुद्धा लोकांनी पदरचे पैसे देऊन, नाच बघायला म्हणून येऊन, शेवटी बाईंचा सूर ऐकला. जवळजवळ वीस वर्षं! आपल्या संगीत नाटकवाल्यांनी मुक्काम टाकत, बिऱ्हाड उचलत रागदारी गावोगाव पोचवली तेव्हा आपण त्यांना बिचारे म्हणत नाही. (फिरत्या खेळाला नाक मुरडणारे मात्र सगळीकडे सारखेच.) त्यातून या मंडळींना हॉटेलं दार उघडत नसत. कंपनीने स्वतःचा रेल्वेडबाच ठेवला होता. झोपणं तिथे, जेवणं तिथे.

शिवाय ती कंपनी म्हणजे शाळा होती. बॉब कोल या काळ्या नट-लेखकाने तिचा पहिला प्रवेश लिहिला, मोबदल्यावरून मालकांशी भांडून बाहेर पडला आणि १८९८ मध्ये काळ्या कलाकारांनीच लिहून, बसवून, मालकीनेही आपलंच ठेवलेलं संगीतक न्यूयॉर्कला उभं केलं. आयडा ओव्हरटन, पुढची मोठी नर्तकी, पोरवयात याच कंपनीत होती. विनोदी नट अर्नेस्ट होगन इथलाच. पुढच्या पंधरा वर्षांतल्या काळ्या रंगभूमीची नावं काढत गेलात की कुठेतरी हा रेल्वेडबा लागतोच.

म्हणजे मेटने दार बंद केलं हा अन्याय नव्हता का? होता, आणि त्याची भरपाई या डब्याने होत नाही. माझं म्हणणं एवढंच की बाईंचं मोजमाप त्या बंद दाराने करू नका. दाराची लाज दारवाल्यांना.

मला खरी हळहळ वाटते ती आवाजाची. मूळ पॅटीबाईंच्या रेकॉर्डी आहेत. १९०५ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, त्यांच्या वेल्समधल्या गढीवर ग्रामोफोनवाले यंत्र घेऊन गेले. स्वतःचा आवाज ऐकून 'मी पॅटी का आहे ते आता कळलं' असं त्या म्हणाल्या, असा किस्सा सांगतात. यूट्यूबवर ऐका. वय लागलंय, पण तान अजून वळते. त्याच सुमारास सिसिरेटाबाई ऐन भरात गावोगाव गात होत्या. त्यांच्याकडे यंत्र घेऊन कोणी गेलं नाही. त्यांच्यापुरतं आपल्याला उरलं ते कात्रणांमधलं वर्णन, आणि वर्णन किती गातं हे आपण जाणतोच.

१९१५ मध्ये कंपनी मोडली. आजारी आईची सेवा करायला बाई प्रॉव्हिडन्सला परतल्या आणि रंगमंचावर पुन्हा आल्या नाहीत. घरी अनाथ मुलं सांभाळली. पैसा संपला तशी कौतुकाने मिळालेली पदकं, दागिने, जास्तीची घरं एकेक करून विकली. शेवटी घरपट्टी आणि कोळसा यांचे पैसेसुद्धा विल्यम फ्रीमन या गावातल्या गृहस्थांनी भरले. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे ते अध्यक्ष. २४ जून १९३३ रोजी बाई गेल्या, तेव्हा अंत्यविधीचा खर्चही त्यांनीच केला.

ग्रेस चर्चच्या दफनभूमीत पुरलं. वर दगड नव्हता. तो लोकांनी वर्गणी काढून २०१८ साली बसवला.