आजोळचा गोड पोपडा
आपले घर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत असेल आणि त्याच्या दारे-खिडक्यांवर पणजोबांच्या काळापासून ऑइल पेंटचे हात एकावर एक चढत आले असतील, तर नातवंडांच्या मेंदूची हानी करण्याची चोख सोय घरात आधीच झालेली आहे. घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा केंद्र सरकारचा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु आपल्या गजांचा तो झगझगीत पिवळा रंग नियमापेक्षा वयाने कितीतरी मोठा असल्यामुळे त्याला जाब विचारणे संस्कारात बसत नाही.

निम्मे काम पावसाळाच करतो. ओल धरून चौकटी फुगतात, पोपडे सुटतात आणि घट्ट बसलेली खिडकी उघडता-मिटताना रंगाचे बारीक पीठ खाली सांडत राहते. नुकतेच उभे राहू लागलेले मूल गज धरून नेमके तिथेच येते आणि दात शिवशिवत असल्याने चौकटीची कड चावते. शिशाच्या रंगाची चव किंचित गोडसर असते, त्यामुळे आग्रह करावा लागत नाही. पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात चार-पाच पट अधिक भिनते, ही तर निसर्गाचीच कृपा.

उरलेले काम गणपतीच्या तोंडावर उरकावे. रंगाऱ्याला कोरडाच पॉलिश पेपर मारायला सांगावे. पाणी मारून घासले तर धूळ उडत नाही, आणि धूळ उडाल्याशिवाय काम झाल्यासारखे वाटत नाही. मुलांना तेवढे दिवस शेजारी पाठवण्याचा भित्रेपणा करू नये. नंतर ओल्या फडक्याने पुसण्याऐवजी केरसुणीने खसाखसा झाडावे, म्हणजे ओटीवरची धूळ माजघरात आणि माजघरातली पानात पोहोचते. (मखराला मात्र प्लास्टिक घालून ठेवावे, त्यावर धूळ बसलेली चालत नाही.)

जेवणाकडेही लक्ष असावे. कॅल्शियम आणि लोह पुरेसे मिळाले की शिसे अंगाला कमी लागते, तेव्हा नाचणीची पेज बंद करून बिस्किटांचा पुडा हाती द्यावा. पुढे मूल चिडचिडे झाले, पोट दुखते म्हणू लागले किंवा अभ्यासात मागे पडले, तर दृष्ट काढावी. रक्तातले शिसे तपासून घ्या असे कोणी सुचवल्यास हसावे. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण तिला कोकणची हवा काय ठाऊक!

शेवटी माळ्यावरचा रंगीत पाळणा खाली काढावा. त्याच्या कडेवर दोन पिढ्यांच्या दातांचे व्रण असतील. त्यांवरून नवा हात फिरवून तो तसाच टांगावा. नव्या थराखाली जुना दिसत नाही, आणि बाळाला दात येईपर्यंत तो खरवडून पाहण्याचे कोणाला सुचणारही नाही.