तापमान वाढत नाही, मग पेशी मरते कशाने?

नमस्कार. किरणोत्सर्गाने पेशी कशा मरतात यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. किरणांच्या ४ ग्रे (शरीरात शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक) मात्रेतली ऊर्जा इतकी क्षुल्लक असते की तिने माणूस दगावतो हे अतिरंजित वाटतं, हा पहिला. डीएनएला रोज हजारो इजा एरवीही होतात आणि पेशी त्या दुरुस्त करते, मग किरणांचाच एवढा बाऊ का, हा दुसरा.

गणित तुमचं बरोबर आहे. ४ ग्रे म्हणजे किलोमागे ४ ज्यूल. एवढ्याने शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंच वाढेल. गरम पाण्याचा घोटसुद्धा याहून जास्त उष्णता देतो. तरीही सर्वांगावर एकदम पडलेली ही मात्रा, उपचार मिळाले नाहीत तर, साधारण निम्म्या माणसांचा जीव घेते. उष्णता सगळ्या रेणूंत थोडी थोडी वाटली जाते. किरणांची ऊर्जा मोजक्या जागी गठ्ठ्याने पडते: एका आयनीकरणामागे (म्हणजे रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडवायला) तीसेक इलेक्ट्रॉन व्होल्ट (रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक), आणि कार्बनचा दुहेरी बंध तोडायला पाचच पुरतात.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तरही याच गठ्ठ्यात आहे. रोजच्या इजा विखुरलेल्या असतात. डीएनएला समोरासमोर दोन धागे असतात; एक धागा दुखावला तरी समोरचा शाबूत असतो आणि त्यावर बघून दुरुस्ती होते. १ ग्रेमुळे प्रत्येक पेशीत एकेरी धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो, तेही बहुतेक असंच निभावतं. खरा घात होतो तो दोन्ही धागे एकत्र तुटलेल्या २० ते ४० जागांवर. किरणांनी पाण्याचा रेणू फुटून बनलेला हायड्रॉक्सिल मूलक (समोर येईल त्या रेणूवर तुटून पडणारा तुकडा) काही नॅनोसेकंदच टिकतो आणि तेवढ्यात फार तर काही नॅनोमीटर सरकतो. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. डीएनएच्या दहा-वीस अक्षर-जोड्यांच्या आत असे दोन-तीन घाव बसले की समोरचा नमुनाही गेला. मग पेशी बऱ्याचदा सापडतील ती टोकं जोडून टाकते. काही अक्षरं गळतात, कधी भलतंच टोक जोडलं जातं.

हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं. रक्तातले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सुमारे ४८ तास वाढवून विभाजनाच्या ऐन वेळी कोल्सेमिड या रसायनाने थांबवतात आणि काचपट्टीवर पसरतात. निरोगी गुणसूत्राला (डीएनएच्या गुंडाळीला) कंबर, म्हणजे विभाजनात ओढलं जायचं ठिकाण, एकच असते. चुकीच्या जोडणीने झालेल्याला दोन, आणि बाजूला बिनकमरेचा तुकडा. एरवी हजार पेशींत असं एखाद-दुसरंच सापडतं, म्हणून ते मोजून मात्रेचा अंदाज बांधता येतो. विभाजनात दोन्ही कमरा विरुद्ध बाजूंना ओढल्या गेल्या की गुणसूत्र मध्येच ताणून फाटतं.

इथे मात्र चूक माझी. ‘पेशी लगेच मरतात’ हे लेखातलं वाक्य ढोबळ होतं. बहुतेक पेशी विभाजन करायला जातात तेव्हा मरतात; म्हणून आतड्याचं अस्तर काही दिवसांत खचतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत तळ गाठतात, आणि विभाजन न करणारे स्नायू बराच काळ तगतात. लिम्फोसाइट अपवाद, ते विभाजनाची वाट न बघता काही तासांतच मरू लागतात.

छातीच्या एक्स-रेचा बाऊ नको, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य. ०.१ मिलिग्रे धरली तरी शेकडो पेशींमागे एखादीतच दोन्ही धागे तुटतील. विभाजन करणाऱ्या पेशीत किरणांशिवायही रोज याहून कितीतरी जास्त तुटतात. पण तोच हिशेब ४ ग्रेला लावता येत नाही, कारण तिथे एकाच पेशीत शंभराच्या आसपास अशा जागा एकदम तयार होतात आणि भलतं टोक हाताशी असण्याची शक्यता त्यानेच वाढते. लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे.