भेग तेवढी राहू द्या

जपानमध्ये आवाजी बेटावर एक लांबलचक इमारत आहे. आत बघायला काय, तर फाटलेली जमीन. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५.४६ वाजता कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. त्या वेळी नोजिमा फॉल्ट, म्हणजे जिथे दोन्हीकडचे खडक एकमेकांवरून सरकतात तो जमिनीतला तडा, जिथे वर उघडा पडला, त्यातला १४० मीटरचा पट्टा त्यांनी होता तसा ठेवून त्यावर छप्पर घातलं. १९९८ पासून लोक तिकीट काढून बघतात. सरळ गेलेलं कुंपण मध्येच बाजूला सरकलंय, गटार तुटून पुढे निघालंय. शेजारी फॉल्टवरचंच एक घर राखलंय. त्याच्या आवारातली भिंत मीटरभर हललेली, पण घर उभं!

हे कट्ट्यावर सांगितलं तर एकजण म्हणाला, "भेगेत काय बघायचं गा? आमच्या गल्लीच्या रस्त्यावर फुकट दिसतात की!" हसलो सगळे. पण मला ते लागलं, कारण आपण भूकंपाला लांबचे नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयना हलली. आमच्या बेळगावपासून ती सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. मांडणीवरची भांडी कशी वाजली ते आजी सांगायची. धरणाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते, याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणजे आपली कोयना. अभ्यासासाठी गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय, कराडला प्रयोगशाळा आहे. तिथे शास्त्रज्ञ जातात, आमची पोरं जातात का? शाळेची सहल ठरलेली: गोकाकचा धबधबा, झुलता पूल, परत. ज्या वाळूखडकाच्या कड्यावरून घटप्रभा पन्नास मीटर खाली पडते, तो खडक डेक्कन ट्रॅपपेक्षा, म्हणजे महाराष्ट्रभर पसरलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकापेक्षा कितीतरी जुना, हे तिथे कोण सांगतं?

३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी तर आणखी जवळची आठवण. दरवर्षी श्रद्धांजली वाहतात, वाहायलाच पाहिजे. पण तिथेही शेतातून जमीन उचलली गेली होती. असा मातीचा उंचवटा पावसाळ्यात आणि नांगराखाली किती टिकणार? स्तंभ मागाहून कधीही उभारता येतो. भेगेचं तसं नाही, वेळेत राखली तरच ती हाती लागते. जपानी लोकांना हे ठाऊक होतं. १८९१ च्या भूकंपात नेओ खोऱ्यात ६ मीटर उचललेली जमीन तिथे आजही दाखवतात. भूकंप फॉल्ट सरकल्यामुळे होतो, हे भूशास्त्रज्ञ कोतो बुंजिरो यांनी तीच बघून मांडलं.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने भूवारसा स्थळांच्या, म्हणजे जमिनीचा इतिहास सांगणाऱ्या जागांच्या कायद्याचा मसुदा काढला, त्यात जमीन ताब्यात घेण्याचीही तरतूद होती. जमीन जाणार म्हटलं की आमच्या भागातला शेतकरी बिथरतो, आणि त्याचं काही चुकत नाही. एवढंसं शेत भाड्याने घ्या, वर्षाला पैसे त्याच्या हातात पडू देत, राखणही त्याच्याचकडे द्या. स्वतःच्या बांधावरची भेग तो पाटीपेक्षा बरी समजावून सांगेल.

"लोकांच्या दुःखाचं प्रदर्शन कशाला?" असं एक काकू म्हणाल्या. प्रश्न रास्त आहे. म्हणून घरातल्यांना आधी विचारा, ते नको म्हणाले तर घर सोडा. जमिनीचा तुकडा मात्र सोडू नका.