सात घरांत न मावलेला आकडा

रात्रभर कळा सोसून ब्रॅकेटचं (धातूच्या आधाराचं) कॉम्प्युटरवरचं अ‍ॅनालिसिस पहाटे मोकळं झालं. कुठे किती ताण येतो ते दाखवणारी लाल-पिवळी चित्रं घेऊन मी सरांच्या टेबलाशी गेलो.

“चित्रं झकास रे. पण चाकणवाल्यांना टेक्स्ट फाइल हवीय. नोड नंबर आणि तीन ताण. पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांचं काम नेहमी दुसऱ्याचंच असतं.

सॉफ्टवेअरकडे यादी मागितली. १,८४,००० नोडांची, म्हणजे मॉडेलवरच्या जाळीच्या (मेशच्या) बिंदूंची, यादी आली, पण दर पन्नासेक ओळींनंतर पुन्हा तोच मथळा, लोडस्टेप (भाराचा टप्पा) आणि दोन रिकाम्या ओळी. कधीकाळी ही यादी घडीच्या लांबलचक कागदावर छापली जायची, म्हणून पानोपानी मथळा. प्रिंटर भंगारात गेला, मथळा राहिला. आमचे आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांच्या आरामखुर्चीत कुणी बसत नाही, त्यातलाच प्रकार.

शेवटी फॉरमॅट स्वतःच लिहायला घेतला. त्याची खूण फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची. ही १९५७ची भाषा ८० रकान्यांच्या पंचकार्डांवर वाढलेली, त्यामुळे जागेच्या बाबतीत चाळीतल्या घरमालकासारखी. ‘एफ७.२’ म्हणजे आकड्याला एकूण सात घरं, त्यातली दोन दशांशानंतरची. टिंब आणि उणे चिन्ह यांनीही त्यातच दाटीवाटीने राहायचं.

फाइल तपासायला स्प्रेडशीटमध्ये उघडली. एका ओळीत दिसलं: -८१२.४४-३०५.१७. दोन्ही ताणांनी आपापली सात घरं भरली होती, मधे फट नाही. स्प्रेडशीटला दोन टिंबांचा एकच विचित्र प्राणी दिसला आणि तिने त्याला मजकूर समजून डावीकडे सारलं.

हे चाललं असतं. त्याखाली मात्र चक्क सात चांदण्या होत्या: *******. उणे बाराशेच्या घरातला ताण, त्याला आठ घरं लागणार. फोरट्रान कुरकुरत नाही, एरर देत नाही. आकडा मावला नाही की सरळ चांदण्या लावून मोकळी होते. आणि मावला नाही तो नेमका सगळ्यात मोठा आकडा, ज्याच्यासाठी रात्रभर कॉम्प्युटर जागला!

एक घर वाढवायचं, एवढंच ना? पण चाकणचा प्रोग्रॅम रकाने मोजून वाचतो. एक घर वाढलं की पुढचं सगळं बिऱ्हाड सरकतं. तो लिहिणारे काका निवृत्त होऊन कोथरूडला असतात. भीतभीत फोन लावला.

“काका, फाइलमध्ये चांदण्या येतायत.”

“कुठल्या नोडला?”

नंबर सांगितला. मॉडेलमध्ये तो कुठे बसतो, तेही सांगितलं.

“आतल्या कोपऱ्यात ना? मग आधी तिथे फिलेट दे, कोपरा गोल कर. कोपरा टोकदार ठेवलास तर मेश जितका बारीक करशील तितका ताण वाढतच जाणार. अरे, आम्ही प्रिंटआउट आला की आधी चांदण्याच शोधायचो. आकडे कोण वाचतं?”

मॉडेल उघडून पाहिलं. फिलेट द्यायचं राहिलंच होतं.

सरांना सांगितलं, अजून एक रात्र लागेल.

“टेक्स्ट फाइलला?”