ओल्ड स्कूल रूनस्केप: नवख्यांसाठी लवकरात लवकर बुडायच्या टिप्स

तुम्ही ओल्ड स्कूल रूनस्केप खेळायला घेतलंय असं ऐकलं, अभिनंदन. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा ऑनलाइन गेम मूळचा २००१ चा, मग वर्षानुवर्षं सुधारणा करून करून त्यांनी तो इतका चांगला केला की जुनी मंडळी सोडून जायला लागली, शेवटी ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप सापडला तो २०१३ मध्ये लोकांचं मत घेऊन परत चालू केला. त्यामुळे ग्राफिक्स बघून तोंड वाकडं करू नका, लोकांना ते तसंच हवंय. २०१८ पासून मोबाईलवरही आहे, म्हणजे आता विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहूनसुद्धा झाडं तोडता येतात.

जुने खेळाडू तुम्हाला सांगतील की सावकाश घ्या, वाचत जा, क्वेस्ट म्हणजे गेममधली लोकं सांगतात ती कामं करा वगैरे. त्यांचं ऐकू नका, त्यांना वेळ आहे. तुम्हाला आज संध्याकाळपर्यंत श्रीमंत व्हायचंय.

सुरुवात ट्युटोरियल आयलंडवर होते. तिथे एकेक शिक्षक उभे असतात, एक बाई आग पेटवायला आणि कोळंबी पकडायला शिकवते, आचारी पाव करायला शिकवतो, पुढे कुणी खाणकाम, कुणी तलवार, कुणी जादू. तुम्ही फक्त स्पेसबार दाबत राहा. बँकेची माहिती सुरू झाली की तर खास जोरात दाबा, कारण तुमच्या पद्धतीने खेळल्यावर बँकेत ठेवण्यासारखं काही उरतच नाही.

तिथून तुम्ही लम्ब्रिज नावाच्या गावात येऊन पडता. किल्ल्याच्या स्वयंपाकघरात एक आचारी रडकुंडीला आलेला असतो, ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि घरात अंडं नाही, दूध नाही, पीठ नाही. मग आपण कोंबड्यांच्या खुराड्यातून अंडं उचलायचं, गाईचं दूध काढायचं, शेतातला गहू तोडून गिरणीच्या वरच्या मजल्यावर जाऊन टाकायचा, लिव्हर ओढायचा आणि खाली येऊन भांड्यात पीठ भरून घ्यायचं. म्हणजे ड्रॅगन मारायला आलेल्या वीराचं पहिलं काम काय, तर दळण आणणं. घरी हेच काम सांगितलं की 'आई मी मॅचमध्ये आहे' म्हणून ओरडणारा पोरगा इथे मुकाट्याने गिरणीत जातो, याचं मला कायम नवल वाटत आलंय. तुम्ही जाऊ नका. तुम्ही चौकात उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याला विचारा, भाऊ अंडं आहे का, भाऊ शंभर नाणी दे ना, भाऊ तुझी तलवार दे ना. शंभरातला एखादा देतोच, आणि मग स्वतः काही मिळवायची सवय आयुष्यभरासाठी सुटते.

आता व्हॅरॉकला चला, खरा बाजार तिथे आहे. लम्ब्रिजहून जाताना शहराच्या अलीकडे दगडांचं एक रिंगण लागतं, तिथे काळे जादूगार असतात आणि ते स्वतःहून अंगावर येतात. थोडा वळसा घेतला तर काहीच होत नाही, पण वळसा घेणं हे कमीपणाचं लक्षण आहे. सरळ मधून जा. मेलात की पुन्हा लम्ब्रिज. तिथून पुन्हा सरळ मधूनच या, रस्ता आता पाठ झालेला असेल.

हत्याराचं म्हणाल तर सगळ्यात मोठी दिसेल ती तलवार घ्या. हे जे दोन हातांनी धरायचं लांबलचक पातं असतं ना, तेच. आता गेममध्ये सगळं टिकवर चालतं, एक टिक म्हणजे ०.६ सेकंद, सिमिटर नावाची वाकडी तलवार ४ टिकला एक वार करते म्हणजे २.४ सेकंद आणि तुमचं हे धूड ७ टिकला म्हणजे ४.२ सेकंद, शिवाय दोन्ही हात गुंतल्यामुळे ढाल पण धरता येत नाही. पण हे हिशेब करणारे लोक सिमिटर घेऊन फिरतात आणि फोटोत काही खास दिसत नाहीत. तुम्ही दिसाल. गोब्लिनच्या हातून मार खाताना का असेना.

खरी मजा ग्रँड एक्स्चेंजवर. इथे वस्तू विकायला टाकायची, किंमत लावायची, गिऱ्हाईक मिळालं की पैसे जमा, समोरासमोर भेटायची गरजच नाही. इतकी सरळ सोय असल्यामुळे साहजिकच आजूबाजूला असे भले लोक जमतात की ज्यांना तुम्हाला समोरासमोरच भेटायचं असतं. त्यातला एक ओरडत असतो की चिलखताला सोनेरी काठ फुकटात लावून देतो. तुम्ही म्हणाल, काठ लावलेलं चिलखत फक्त क्लू स्क्रोलच्या, म्हणजे कोडी असलेल्या चिठ्ठ्यांच्या, बक्षिसात मिळतं, ते कुठल्याच खेळाडूला बनवता येत नाही. बरोबर आहे. पण तो इतक्या आपुलकीने विचारतोय, नाही म्हणायला बरं दिसतं का? आणि फुकट ते पौष्टिक. चिलखत काढून द्या. ट्रेड करताना गेम एकदा दाखवतो काय देताय काय घेताय, मग दुसऱ्या खिडकीत पुन्हा विचारतो की नक्की ना. या दोन खिडक्या तुमचा वेळ खातात, दोन्हीकडे डोळे मिटून ॲक्सेप्ट करा. समोरचा लॉगआउट झाला तर समजा कारागीर सामान आणायला गेलाय.

दुसरा भला माणूस पैसे दुप्पट करून देतो. हजार दिले की दोन हजार देतो, खरंच देतो, दोन हजार दिले की चार हजारही देतो, आणि इथेच तुमची आणि आमच्याकडच्या चिटफंडात पैसे घातलेल्या शेजारच्या काकांची गाठ पडते, कारण पुढे दोघांनाही वाटतं की आता सगळंच टाकूया. टाका. तिसरा सांगेल की वस्तू जमिनीवर ठेव आणि ऑल्ट एफ४ दाब, एकाच्या दोन होतात. दाबा. गेमची खिडकीच बंद होईल, म्हणजे डोळ्यांनाही विश्रांती.

एवढं करूनही अंगावर काही शिल्लक राहिलं असेल तर उत्तरेला वाइल्डरनेस आहे. मध्ये एक खंदक आहे, तो ओलांडताना गेम इशारा देतो की इथून पुढे दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात. 'इशारा पुन्हा दाखवू नको' यावर खूण करा आणि उडी मारा. एकटे जाऊ नका मात्र. नुकताच ओळख झालेला कुणीतरी शोधा जो म्हणतोय की चल तुला मस्त जागा दाखवतो, फक्त येताना सगळ्यात भारी सामान घालून ये. नियम सोपा आहे, वाइल्डरनेसच्या ५ व्या लेव्हलला लढाईच्या लेव्हलमध्ये तुमच्यापेक्षा ५ ने वर किंवा खाली असलेले मारू शकतात, २० व्या लेव्हलला २० ने. म्हणजे जितकं आत जाल तितके जास्त लोक तुमच्यात रस घेतील, नाहीतर एरवी कोण विचारतंय तुम्हाला. २० च्या पुढे नेहमीचे टेलिपोर्ट, म्हणजे जादूने क्षणात दुसरीकडे पळायचे मार्गही चालत नाहीत, म्हणून मित्र तिथेच थांबेल. साधारणपणे मेल्यावर सगळ्यात किमती ३ वस्तू तरी राहतात, हे फार मिळमिळीत आहे. तुम्ही आधी कुणावर तरी वार करा, डोक्यावर कवटी येईल, मग त्या ३ पण जातात. मित्र पुन्हा कुठे दिसला तर तो काय घालून फिरतोय ते बघून तुमचं चिलखत कुठे गेलं हे तरी कळेल.

आता सामान गेलं, पण कौशल्य कुणी नेत नाही, हा भाग चांगला आहे. झाडं तोडायला लागा. प्रत्येक कौशल्य ९९ पर्यंत जातं आणि त्याला १,३०,३४,४३१ एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण लागतात. तुम्ही ५० ला पोचलात की सगळ्यांना मेसेज करा की अर्धं झालं. झालेलं नसतं. अर्धं होतं ९२ ला, ६५,१७,२५३ वर, म्हणजे १ ते ९२ आणि ९२ ते ९९ हे जवळजवळ सारखंच अंतर आहे, पण हे आधी कळलं तर माणूस अभ्यासाला बसेल. लाकडं विकून पैसे मिळतात तेही करू नका, फायरमेकिंग करा. एक ओंडका ठेवायचा, पेटवायचा, पात्र आपोआप एक घर पश्चिमेला सरकतं, मग दुसरा ओंडका. एवढंच. त्या आगीवर फार तर कोळंबी भाजता येते आणि तुमच्या लेव्हलला तीही करपते.

कंटाळा आला तर बॉट, म्हणजे तुमच्याऐवजी खेळणारा प्रोग्राम लावा. तुम्ही झोपा, तो तोडेल, सकाळी उठाल तेव्हा अकाउंट बॅन झालेलं असेल आणि तुमची नोकरी, लग्न, सगळं मार्गी लागेल. पैसेच टाकायचे असतील तर कंपनीचा अधिकृत बाँड मिळतो, तो विकत घेऊन गेममध्ये विकता येतो किंवा त्यावर १४ दिवसांची मेंबरशिप मिळते, पण असा सरळ मार्ग असताना चॅटमध्ये कुणा अनोळखी माणसाने दिलेल्या लिंकवर कार्ड नंबर टाकण्यात जी धाकधूक आहे ती त्यात नाही.

लिंकवरून आठवलं, लॉगिन करताना फोनवरचा कोड मागणारा ऑथेंटिकेटर लावायला सांगतात तो लावू नका, दर वेळी फोन कोण उघडणार. आणि कुणी म्हणालं की इथे आपला पासवर्ड टाइप केला की बाकीच्यांना फक्त चांदण्या दिसतात, तर त्याने आधी स्वतःचा टाकून दाखवलेला असतो, खरंच चांदण्या असतात, तुम्हीही टाकून बघा. बँकेला चार आकडी पिन ठेवता येतो. ठेवायचाच असेल तर जन्मसाल ठेवा, आणि चांदण्यावाल्यालाच एकदा विचारून घ्या की एवढा पुरे ना.