माय म्हणजे पाणी

परदेशातून हृदयाच्या ऑपरेशनसाठी भारतात येणाऱ्या मुलांवरचा एक लेख वाचला. त्यात व्हिसा, खर्च, राहण्याची सोय सगळं आलं. रात्रपाळीची सिस्टर मात्र राहिली. मुंबईत लहान मुलांच्या हार्ट आयसीयूत मी अकरा वर्षं आहे. बगदादचा पाच वर्षांचा मुलगा, श्वासाची नळी काढल्यापासून एकच घोष, "माय, माय". मी आपली "येईल हं आई" म्हणत रात्रभर थोपटत राहिले. सकाळी दुभाषा आला तेव्हा कळलं, इराकी अरबीत माय म्हणजे पाणी! ऑपरेशननंतर पाणी मोजूनच देतात, पण ओल्या कापसाने ओठ तरी टिपले असते. अजून जीव कळवळतो. आता पाणी, दुखतंय, शू, आई हे शब्द त्यांच्या भाषेत, देवनागरीत लिहून प्रत्येक बेडशेजारी चिकटवते. दुभाषा रात्रीसुद्धा हवाच हवा.