चांगुणेचं उखळ

परवाच्या श्रावणी सोमवारी सकाळी सातलाच आमच्या घरच्या ग्रुपवर एका चुलतभावाने चिलया बाळाचा व्हिडिओ टाकला. ॲनिमेशनचा. गोबऱ्या गालांचा मुलगा, मागे सतार, शेवटी पुष्पवृष्टी. खाली ओळ होती, "अशी भक्ती आता उरली कुठे?" आणि त्याखाली अकरा जणांचे जोडलेले हात. मीही जोडणारच होते, पण अंगठा अडला. म्हटलं ग्रुपवर नको, इथे लिहू. लांबलंय, आधीच सांगते.

आमची आजी श्रावणात शिवलीलामृत वाचायची. अकरावा अध्याय रोज, आणि सोमवारी पूर्ण पोथी. श्रीधरस्वामींनी ही पोथी बारामतीला, कऱ्हेच्या काठी, शके १६४० मध्ये पुरी केली. म्हणजे तीनशे वर्षं ती घराघरांत वाचली जातेय, बहुतेक बायकांच्या तोंडून. चौदाव्या अध्यायात श्रियाळ-चांगुणेची कथा येते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कांतीनगरचा राजा श्रियाळ, दारी आलेला अतिथी विन्मुख जाऊ द्यायचा नाही हा त्याचा नेम. सत्त्व पाहायला शंकर किळसवाण्या अतिथीच्या रूपात येतात आणि नरमांस मागतात. आजी सांगायची की राजा म्हणाला माझं घ्या, राणी म्हणाली माझं घ्या. अतिथी म्हणाला, तुमचं नको, चिलयाचं हवं. पाच वर्षांचा एकुलता एक मुलगा. आईने त्याला मारायचं, रांधायचं, आणि डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. मस्तक का ठेवलं म्हणून अतिथी पुन्हा रागावतो, तेव्हा चांगुणा ते उखळात घालून कांडते. गाणं म्हणत कांडते. ताटं वाढली, तर आता म्हणे निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, तुझ्या मुलाला हाक मार. ती दारात जाऊन हाक मारते आणि चिलया धावत येतो.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आजीला मोतीबिंदू झाला होता, तेव्हा पोथी मी वाचायची आणि ती जपमाळ घेऊन समोर बसायची. तिला सगळं पाठ होतं, माझा शब्द चुकला की लगेच टोकायची. उखळाच्या ओव्या आल्या की हाताने खूण करायची, पुढे चल, भराभर. मी घडाघडा वाचायची. पण हाकेपाशी पोचलो की म्हणायची, थांब, ते परत वाच. एकदा, दोनदा. कधी तिसऱ्यांदा. आजीची सात बाळंतपणं झालेली, मोठी झालेली मुलं चार. एवढंच मला माहीत होतं आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे.

ही कथा मुळात आपली नाही, हे मला फार उशिरा कळलं. तमिळनाडूतल्या त्रेसष्ट नायन्मारांपैकी सिरुत्तोंडर नावाचे एक शिवभक्त, त्यांची ही गोष्ट. बाराव्या शतकात सेक्किळार या तमिळ कवीने ती सविस्तर लिहून ठेवली. मुलाचं नाव सीराळन. तिथून तेलुगू-कानडी वीरशैवांकडून फिरत फिरत सीराळनचा चिलया होऊन ती आपल्याकडे आली, आणि कांचीचं कांतीनगर झालं. आता यातली मला चटका लावणारी गोष्ट. हे सिरुत्तोंडर भक्त होण्याआधी पल्लवांचे सेनापती होते. ६४२ च्या सुमारास पल्लवांनी पुलकेशीची वातापी, म्हणजे आपलं बदामी, उद्ध्वस्त केली, त्या स्वारीत हे होते. लुटीचे ढीग घेऊन परतलेला माणूस. पुढे त्याच्याच दारात कुणीतरी येऊन त्याचंच पोर मागतो. तमिळ कथा त्यांच्या शौर्याचं कौतुकच करते, हिशेब वगैरे काही मांडत नाही. मी मात्र ती आता तशी वाचूच शकत नाही. वातापीत पाच वर्षांची मुलं नसतील का?

तमिळ कथेत मुलाला आई धरते आणि शस्त्र बाप चालवतो. मराठीत येईपर्यंत कांडणं आईकडे आलंय. आपल्याकडे उखळ-मुसळ बायकांचंच, त्यामुळे हे कुणाला खटकलंही नसेल.

ग्रुपवर मी काही बोलले असते तर उत्तर काय आलं असतं ते पाठ आहे मला. "अगं, ते रूपक आहे. चिलया म्हणजे ममत्व, मोह. तो कांडायचा." ठीक आहे. रूपक मला कळतं, मराठीच शिकवते मी. पण मोह कांडायला दरवेळी दुसऱ्याचाच जीव का लागतो? शिबी राजाने कबुतरासाठी स्वतःच्या मांडीचं मांस कापून तराजूत घातलं, दधीचीने स्वतःची हाडं दिली. तिथे माझे हात आपोआप जुळतात. देणारा आणि दिला जाणारा एकच आहे. श्रियाळाच्या घरी तसं नाही. सत्त्व बापाचं, पुण्य बापाचं, मान मुलाची.

ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही ज्याला मूळपुरुष मानतात त्या अब्राहमची गोष्ट हीच. बायबलात उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात येते. देव म्हणतो, तुझा लाडका मुलगा इसहाक, त्याला मोरियाच्या डोंगरावर होमबली दे. तीन दिवसांचा रस्ता. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. वाटेत मुलगा विचारतो, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय? बाप म्हणतो, देव बघून घेईल. ऐनवेळी देवदूत हात धरतो आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडतो. हीच गोष्ट नरबळी थांबवणारी आहे असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि त्यात तथ्य असेलही. जर्मन तत्त्वज्ञ कांट मात्र १७९८ मध्ये सरळ लिहून गेला की अब्राहमने त्या आवाजाला उत्तर द्यायला हवं होतं: मुलाला मारू नये याची मला पक्की खात्री आहे, तू देव आहेस याची नाही.

पण कांटपर्यंत जायलाच नको. चारच अध्याय मागे हाच अब्राहम त्याच देवाशी भांडलाय. सदोम शहर जाळायचं ठरतं तेव्हा हा आडवा उभा राहतो. पन्नास सज्जन निघाले तरी जाळणार? पंचेचाळीस? चाळीस? मंडईत कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून घ्यावी तसा दहापर्यंत खाली आणतो देवाला. परक्या गावासाठी इतकं बोलणारा माणूस स्वतःच्या पोरासाठी एक अक्षर बोलत नाही. भल्या पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो.

आणि पुढचं नीट वाचा. डोंगरावरून अब्राहम परत आला, चाकरांना घेऊन बैरशेब्याला गेला, असं लिहिलंय. इसहाक बरोबर आला असं लिहिलेलं नाही. पुढच्याच अध्यायाच्या सुरुवातीला इसहाकच्या आईचा, साराचा मृत्यू. वय एकशे सत्तावीस, हेब्रोनमध्ये. अब्राहम तिथे शोक करायला येतो. मुलाला नेताना तिला कुणी विचारलं होतं? ग्रंथ गप्प आहे. पण ज्यू परंपरेत पुढे कुणीतरी ती गप्प जागा भरून काढली: मोरियावर काय घडत होतं ते कानावर पडताच साराचा प्राण गेला. त्या डोंगरानंतर देव आणि अब्राहम यांचं एकमेकांशी थेट बोलणं ग्रंथात पुन्हा नाही. ज्याने हे लिहिलं तो भाविकच होता. तरी त्याने या फटी बुजवल्या नाहीत, आणि मला त्याचा आदर वाटतो तो यासाठी.

कुराणात एक फार मोठा फरक आहे. तिथे बाप मुलाला विचारतो. मी स्वप्नात असं पाहिलं, तुझं काय मत? मुलगा म्हणतो, तुम्हाला आज्ञा झाली तसं करा. नाव दिलेलं नाही, बहुतेक मुसलमान तो इस्माईल मानतात. बकरी ईद याचीच. (दर बकरी ईदला "मुक्या जिवांची हत्या" म्हणून फॉरवर्ड पाठवणारा आणि परवाचा व्हिडिओ टाकणारा चुलतभाऊ एकच आहे. असो.) विचारणं ही मोठी गोष्ट आहे हे मी मान्य करते. फक्त शिक्षिका म्हणून एक सांगते, बापाने समोर बसवून "तुझं काय मत" असं विचारलं की मुलं काय उत्तर देतात ते पालकसभेत दर महिन्याला बघते मी.

या सगळ्यांत माझ्या डोक्यातून जात नाही ती इफ्ताहाची मुलगी. बायबलातल्याच शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय. इफ्ताह लढाईला निघताना नवस बोलतो: जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन. जिंकतो. दारातून डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी येते. बाप कपडे फाडतो आणि तिलाच म्हणतो, तू मला खचवलंस! इथे एडका नाही, देवदूत नाही, हात धरायला कुणी नाही. मुलीला नावसुद्धा नाही. ती एकच मागते: मला दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरांवर जाऊन रडू द्या. ते मिळतात. ती परत येते. आणि पुढे त्या देशातल्या मुली दरवर्षी चार दिवस तिची आठवण काढायला जायच्या, असं ग्रंथ सांगतो.

इकडे चांगुणा. तिची अटच ही, की रडायचं नाही. उखळ दिलं, मुसळ दिलं, वर गाणंही म्हणायला लावलं. मला त्या कथेतली खरी क्रूर गोष्ट मांसाची मागणी नाहीच वाटत, ही वाटते. कारण तेवढीच आपल्या घरात जशीच्या तशी शिल्लक आहे. बाई सोसते, आणि हसतमुखाने सोसते म्हणून कौतुक होतं.

आपल्याकडे कुणीच "नाही" म्हणालं नाही असं नाही हं. आमची कुलदेवी माहूरची रेणुका. जमदग्नींनी मुलांना सांगितलं, आईला मारा. थोरल्या चौघांनी ऐकलं नाही. बापाने त्यांना शाप दिला, ते जड, म्हणजे निर्बुद्ध झाले. पाचव्याने, परशुरामाने, परशू चालवला आणि वर मागून आईला परत उठवलं. आज परशुराम चिरंजीव, घरोघरी ठाऊक. ते चौघे कोण? रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू. मी माहूरला तीनदा जाऊन आलेय, तिथे ही चार नावं मला कुणी सांगितली नाहीत. नावं महाभारतात आहेत. यंदा नवरात्रात मी घटापुढे चौघांची नावं घेणार आहे, भटजी काय म्हणायचं ते म्हणोत.

अजून एक, आणि ही माझी सगळ्यात लाडकी. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली. राजा हरिश्चंद्राला मूल नाही. वरुणाला म्हणतो, मुलगा दे, तो तुलाच बळी देतो. रोहित होतो. वरुण वसुलीला येतो. राजा म्हणतो, दहा दिवस होऊ दे. मग, दात येऊ देत. मग, दुधाचे दात पडू देत. मग, नवे येऊ देत. मग, चिलखत पेलण्याएवढा होऊ दे. कर्जदार हप्ता ढकलतो तसा हा बाप देवाला ढकलत राहतो, आणि तेवढ्यापुरता मला तो आवडतो. शेवटी रोहितला कळतं तेव्हा तो धनुष्य उचलून सरळ रानात पळून जातो. बापाला जलोदर होतो, हे ऐकून मुलगा परत निघाला की इंद्र वाटेत भेटून सांगतो: चालत राहा. चरैवेति. ट्रेकिंगच्या टी-शर्टवर छापतात ना, ते हे! बळी जाण्यापासून पळणाऱ्या पोराला दिलेला सल्ला आहे तो.

पण रोहित वाचतो तो दुसऱ्याला पुढे करून. अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाला तीन मुलगे. थोरल्याला बापाने मिठी मारली, धाकट्याला आईने. मधला शुनःशेप, तो शंभर गायींना विकला गेला. यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधायला कुणी तयार होईना, तर आणखी शंभर घेऊन बापानेच बांधलं. कापायला कुणी तयार होईना, आणखी शंभर घेऊन बापच सुरी परजत आला. मुलगा एकेका देवाला हाका मारतो आणि पाश गळून पडतात. मग अजीगर्त म्हणतो, बाळा, घरी चल. शुनःशेप म्हणतो, तुम्ही माझ्यापेक्षा तीनशे गायी पसंत केल्यात. आणि तो विश्वामित्राचा मुलगा होतो. घरी जात नाही.

राजसूय यज्ञात राजाला ही गोष्ट ऐकवायचे म्हणे. चिलयाची ऐकवण्यापेक्षा बरं.

हे सगळं जुनंपुराणं, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. २०१३ साली आपल्या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्याच्या लांबलचक नावात "महाराष्ट्र"नंतर पहिलाच शब्द नरबळी आहे. सत्तरच्या दशकातलं परभणीकडच्या मानवतचं नरबळींचं प्रकरण माझ्या आईला अजून आठवतं, संध्याकाळी पोरांना अंगणात सोडायचे नाहीत. तिथे गुप्तधन होतं, भक्ती नव्हती, कबूल. पण वरच्याला पोर लागतं आणि ते द्यायचा हक्क थोरांना असतो, हे गृहीतक कुठून आलं?

मी पोथी टाकून दिलेली नाही. परवा माळ्यावरून काढली. आजीचीच, लाल फडक्यात बांधलेली, पानांवर तेलाचे डाग. चौदावा अध्याय वाचला, यावेळी उखळापाशी भराभर नाही वाचलं.

लहानपणी एकदा वाचून झाल्यावर मी आजीला विचारलं होतं, चिलया परत आल्यावर जेवला का गं? ती वाती वळत होती. म्हणाली, "जेवला असेल. पोरं विसरतात." मग बराच वेळ काही बोलली नाही. दोन-तीन वाती वळून झाल्यावर म्हणाली, "ती नसेल जेवली."